संयोगिताचा पहिला नंबर

“आता जे सांगतोय ते तुमास्नी पटायचं न्हाय. आणि न्हाय पटलं तर माझं कायबी अडत न्हाय,” अशी केरबाची सुरुवात असायची, आणि गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरची माणसं हातातला ग्लास खाली ठेवायची.

कट्टा म्हणजे रस्त्याच्या कडेचा एक ओटा, एवढंच. तिन्हीसांजेला गवळी आपापल्या म्हशी घेऊन यायचे, गिऱ्हाईक ग्लास पुढं करायचं आणि धार थेट ग्लासात पडायची. केरबा पंच्याहत्तरीला आलेला. त्याची बोटं आचळावर आपसूक चालायची, त्यामुळं जीभ दिवसभराची मोकळी. महापुराच्या साली त्याच्या चंद्री म्हशीनं एका एसटी कंडक्टरला पाठीवर घेऊन शिरोळपासून कोल्हापूरपर्यंत पोहत आणलं, तेही प्रवाहाच्या उलट, आणि कंडक्टरनं उतरताना चंद्रीलाच अर्धं तिकीट फाडून दिलं, कारण तिचं वय अजून लहान होतं. ही गोष्ट त्यानं इतक्यांदा सांगितली होती, की पुढंपुढं लोक त्या कंडक्टरच्या प्रकृतीची चौकशी करायला लागले.

कुणी नवखा माणूस शंका काढायचा. मग केरबा नुसता बाळासोकडं बघायचा. बाळासोचं कट्ट्यासमोर सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि वीस वर्षं झाली, त्याचा रोजचा अर्धा लिटर ठरलेला. तो मिशीवरचा फेस पुसून म्हणायचा, “व्हय की. म्या बघितलंय.” झालं. गोष्ट खरी.

खोटं बोलून केरबानं कुणाचं कधी वाईट केलं नव्हतं. निदान त्याची तशी समजूत होती. आणि ही समजूत त्याच्या एकट्याची नव्हती, त्याच्या सगळ्या गवळी गल्लीची होती. तिथं खोट्याचा एक सणच होता.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी मिरवतात. आठवडाभर आधीपासून म्हशीचं अंग भादरायचं, तेल चोळचोळून कातडं असं करायचं की माणसानं त्यात बघून भांग पाडावा. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसांचा तुरा. मग मालक सायलेन्सर काढलेली मोटरसायकल घेऊन पुढं पळतो आणि म्हैस त्याच्या मागनं चौखूर उधळते. पंच बसलेले असतात, चाल बघतात, रंग बघतात, शिंगाचा बाक बघतात. ढाल एकाच म्हशीला मिळते. पण गल्लीचा रिवाज असा, की म्हैस दारात परत आली की घरच्या बाईनं ओवाळायचं, मालकानं तिच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचं, “पयला नंबर.” सतरा दारं, सतरा पहिले नंबर. दुसऱ्याच्या दारातल्या नंबराला कुणी हसायचं नाही की खोटं म्हणायचं नाही. केरबा सांगायचा, जनावराला सगळं कळतं, हरल्याली म्हैस दूध चोरती, पान्हाच सोडत न्हाय.

त्याच दारात संयोगिता वाढली. केरबाची नात. बाप दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, पंधरा-पंधरा दिवस गावाबाहेर. आईला सगळी गल्ली आक्का म्हणायची, म्हणून सासराही आक्काच म्हणायचा. पोरगी आजाच्या वळणावर गेलेली. रंग त्याचा, खांदे त्याचे. दोन हातांत दोन भरलेले कॅन उचलून ती उंबरा ओलांडायची आणि वर हसायची. नवव्या वर्षापासून धार काढत होती. चंद्री केरबापेक्षा तिच्या हाताला जास्त पान्हा सोडायची.

सात वर्षांची असताना ती एकदा गोठ्यात उभी होती. केरबा चंद्रीच्या पाठीवरनं हात फिरवत कुणा पाहुण्याला सांगत होता, काय रंग हाय बघा, काळीकुळकुळीत, नजर ठरत न्हाय. पोरीनं विचारलं, “आणि मी, आबा?” केरबाचा हात जागच्या जागी थांबला. मग तो म्हणाला, “तू व्हय? तू तर गोरीपान हाईस, बाय माझी.” पोरगी आत गेली, आरशासमोर उभी राहिली, परत आली आणि वैरण टाकायला लागली.  केरबाला ही गोष्ट पुढं बारा वर्षं आठवली नाही. आठवली तेव्हा सारखीच आठवायला लागली.

गेल्या वर्षी संयोगिता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजच्या फाटकाबाहेर ‘करवीर तारका’ नावाच्या सौंदर्यस्पर्धेचं पोस्टर लागलं. तिघी मैत्रिणींनी मिळून हसत-खिदळत फॉर्म भरले, आणि बोलावणं एकट्या संयोगिताला आलं. आक्का नको म्हणाली. पोरीला काय बाजारात उभं करायचंय का, असं ती चुलीकडं तोंड करून बोलली. केरबानं तिला गप्प केलं. त्याच्या घरातलं पहिलंच माणूस स्पर्धेत उतरत होतं, आजवर म्हशीच उतरल्या होत्या. त्यानं फॉर्मवर सही ठोकली आणि सरावाच्या पहिल्या दिवशी धुतलेला फेटा बांधून नातीबरोबर हॉलवर गेला.

तिथं पुण्याहून आलेल्या एक मॅडम होत्या. मुलींना चालायला, बोलायला, बसायला शिकवायच्या. त्यांनी संयोगिताला उजेडात उभं केलं, हनुवटी धरून चेहरा इकडं वळवला, तिकडं वळवला. टेप काढून कमरेला लावली आणि आकडा मोठ्यानं सांगितला, मदतनीस मुलीनं तो लिहून घेतला. भिंतीकडेच्या खुर्चीत केरबा बसला होता. ती नजर त्याच्या ओळखीची होती. मुरगूडच्या बाजारात तो स्वतः म्हशींकडं असाच बघायचा. दुसऱ्या कुणाला राग आला असता. केरबाला बरं वाटलं. बाईला पारख हाय, असं तो मनाशी म्हणाला, आणि तिथंच त्याचं चुकलं. बाजारात उभ्या म्हशीला आकडा ऐकू येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

मॅडमनी एक कागद दिला. दूध बंद. भाकरी बंद. भात बंद. सकाळी गरम पाणी, चार बदाम, एक पावडर. उन्हात फिरायचं नाही. रंगावर काम करावं लागेल, म्हणून एक मलम. शिवाय ‘मी जातो, मी येतो’ म्हणायचं नाही. कोल्हापूरच्या पोरी सगळ्या तसंच म्हणतात, आया आणि आज्याही तसंच म्हणत आल्या. मॅडमना ते गावठी वाटलं.

स्पर्धेला एकवीस दिवस होते. ज्या घरात पहाटेपासून दुधाचा वास, त्या घरात पोरगी गरम पाण्याचा पेला धरून बसायची. आक्का ताट वाढायची आणि तसंच उचलून न्यायची. आठवड्यात संयोगिताच्या गळ्याजवळची हाडं दिसायला लागली. मैत्रिणींनी म्हणे कौतुक केलं. इकडं केरबानं कट्ट्यावर नवी गोष्ट चालू केली. नात एका बदामावर तीन दिवस काढतीय, आणि उरलेला अर्धा बदाम चिमणीला घालतीय. माणसं हसली. केरबाही हसला.

मग एका सकाळी तो गोठ्याच्या दारात आला आणि थबकला. संयोगिता चंद्रीपाशी बसली होती. तिनं पेल्यात धार काढली, पेला तोंडाजवळ नेला, डोळे मिटून नुसता वास घेतला. कितीतरी वेळ घेतला. मग दूध परत कॅनमध्ये ओतलं आणि पेला विसळला. पेल्याच्या काठावरचा फेससुद्धा तिनं बोटानं पुसून टाकला. केरबा दोन पावलं मागं सरला आणि बाहेर जाऊन उगाच खोकत येण्याचं नाटक केलं. त्या वेळी तो बोलला असता तर कदाचित पुढचं टळलं असतं. पण तोवर फ्लेक्सची ऑर्डर देऊन झाली होती.

फ्लेक्स गुंडूनं केला. पेठेतले वाढदिवस, निवडी, निधन, सगळे फ्लेक्स गुंडूच करायचा, आणि स्पर्धेच्या रविवारी त्याला दुसरी कामं होती. म्हणून त्यानं तो सकाळीच चौकात टांगला. निकाल लागला का, असं त्यानं विचारलं होतं. केरबा म्हणाला, लागल्यात जमा हाय. गुंडूनं मग जास्त विचारलं नाही. बैलगाडीएवढा फ्लेक्स. त्यावर संयोगिताचा चेहरा, डोक्यावर कुठल्यातरी दुसऱ्याच बाईचा मुकुट, आणि खाली ‘करवीर तारका प्रथम क्रमांक, हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक समस्त गवळी गल्ली आणि चंद्री’. चेहरा दुधासारखा पांढरा केला होता. केरबानं ते बघून विचारलं, तर गुंडू म्हणाला की सांगावं लागत नाही, तो सगळ्यांचाच तसा करतो.

स्पर्धेची शेवटची फेरी संध्याकाळी होती. संयोगिता दुपारी दोनलाच आली.

चौकात रिक्षा थांबली. सकाळचा फ्लेक्स बघून गल्लीतल्या जोतीरामानं हलगी तापवून तयारच ठेवली होती, रिक्षा दिसताच त्यानं टिपरू टाकलं. बायका जमल्या. आक्का ताट घेऊन पुढं झाली. संयोगिता उतरली ती फ्लेक्सखालीच. तोंडावर रंग तसाच होता, हातात कपड्यांची पिशवी. तिनं मान वर करून बघितलं. स्वतःच्या त्या पांढऱ्या चेहऱ्याकडं ती असं बघत राहिली, जसं कुणी आपल्या जागेवर दुसरंच माणूस बसलेलं बघतं.

केरबाला तिच्याकडं एकदा बघूनच कळलं. पन्नास पाडवे त्यानं परत येणारी जनावरं बघितली होती. हलगी थांबव, एवढंच त्याला जोतीरामाला सांगायचं होतं. पण सगळी गल्ली त्याच्याकडं बघत होती, आणि त्याच्या हाताला जी सवय होती तेच त्या हातानं केलं. त्यानं ताटातला गुळाचा खडा उचलला, नातीच्या तोंडात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “पयला नंबर.”

तिनं तो गूळ चावून खाल्ला. घाईनं खाल्ला, आणि खाता खाता तिच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. बायका म्हणाल्या, आनंद मावेना झालाय पोरीला.

आत गेल्यावर तिनं सगळं सांगितलं. तिचा नंबर सदतीस होता. पहिल्या फेरीनंतर दहा नंबर पुकारले, त्यात सदतीस नव्हता. मॅडमनी खांद्यावर हात ठेवला, पुढच्या वर्षी ये म्हणाल्या, अजून चार किलो कमी करून. बस. कुणी हसलं नाही, कुणी अपमान केला नाही. उरलेल्या मुलींना दुसऱ्या दारानं बाहेर सोडलं.

“कुणाला कळायचं न्हाय,” केरबा म्हणाला. “असल्या स्पर्धेत शंभर नंबर काढत्यात. कोण बघाय जातंय?”

“मला कळलंय की, आबा.”



काहींना कळलं असणारच. आजकाल असलं सगळं फोनवर येतं, खरी तारका कोण झाली तिचे फोटोही आले असतील. पण गल्लीचा रिवाज गल्लीनं पाळला. दुसऱ्याच्या दारातला नंबर होता तो. तालमीनं शाल दिली. एका ब्युटी पार्लरवालीनं फीत कापायला बोलावलं. फ्लेक्सची तारीख उलटली तरी तो कुणी काढला नाही. संयोगिता कॉलेजला जाताना चौक टाळून मागच्या बोळातनं जायला लागली. जेवायला लागली होती, पण चोरून जेवावं तशी, ताट मांडीवर घेऊन, भिंतीकडं तोंड करून. केरबा कट्ट्यावर सांगायचा, परीक्षक कसे उठून उभे राहिले, एकाचा चष्मा कसा खाली पडला. रोज एखादा परीक्षक वाढायचा.

मग शाळेतनं बोलावणं आलं. पेठेतल्याच मुलींच्या शाळेतनं. आपली मुलगी, चार शब्द बोलायला या. संयोगिता जाणार नव्हती. केरबानं गळ घातली, नाही म्हटलं तर लोक शंका घेतील म्हणाला. ती गेली. पोरींनी एकच गोष्ट विचारली, ताई, तू काय खात होतीस? बाकी कशात त्यांना गोडी नव्हती. संयोगिताला खरं सांगता येईना आणि नवीन खोटं सुचेना. तिनं मॅडमचा कागद पाठ म्हणून दाखवला. दूध बंद, भाकरी बंद, भात बंद. पहिल्या बाकावर बाळासोची नात प्रियदर्शनी बसली होती, नववीतली. तिनं ते वहीत उतरून घेतलं, खाली दोन रेघा मारून.

महिन्याभरानं बाळासो कट्ट्यावर अर्ध्याचा पाव लिटर घ्यायला लागला. पोरगी पीत न्हाय म्हणतीय, असं त्यानं सांगितलं. केरबानं त्यावरही काहीतरी विनोद केला. नंतर एका सोमवारी प्रियदर्शनी शाळेत प्रार्थनेच्या रांगेतच कोसळली. दोन दिवस सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्नच नाही. तिच्या दप्तरात आठ दिवसांच्या डब्यांतलं जेवण पिशवीत कोंबलेलं सापडलं, बुरशी आलेलं.

ही बातमी आक्कानं घरी आणली. सांगताना ती कुणाकडं बघत नव्हती. संयोगिता कॅन धूत होती. तिनं हात पुसले आणि आजासमोर येऊन बसली.

“आबा, आता तुमीच सांगायचं. कट्ट्यावर. सगळ्यांसमोर.”

“तुझी अब्रू जाईल गं.”

“जाऊ दे. माझी हाय ती. तुमी बांधलंय हे, तुमीच मोडा. आज सांगतो म्हणा.”

केरबा सांगतो म्हणाला. बोलता बोलता त्यानं तिच्या हाताकडं बघितलं. मनगट अजून भरलं नव्हतं. त्याला ती सात वर्षांची पोरगी आठवली, आरशापाशी जाऊन परत आलेली. त्या दिवशी त्यानं खरं सांगितलं असतं की तू माझ्यासारखी काळी हाईस आणि माझी नजर तुझ्यावरनं हलत न्हाय, तर काय बिघडलं असतं? बायकोपासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांशी तो खोटं बोलला होता. पण म्हशीच्या रंगाबाबत मात्र तो जन्मभर खरंच बोलला. हे त्याला आता टोचत होतं.

संध्याकाळी कट्ट्यावर गर्दी होती. गडहिंग्लजकडचे चार पाहुणे आले होते. लिंगायत व्यापारी, गुळाच्या सौद्याला आलेले. धारोष्ण दूध प्यायचं म्हणून कुणीतरी त्यांना इथं आणलं होतं. केरबा चंद्रीच्या कुशीला बसला. संयोगिता पलीकडच्या बाजूला रेडकाचं दावं धरून उभी होती. म्हशीच्या पोटाआड तिचे फक्त पाय दिसत होते. केरबानं मनात वाक्य जुळवून आणलं होतं. माझी नात हरली, एवढं तीन शब्दांचं. सबंध आयुष्यात त्यानं इतकी लहान गोष्ट सांगितली नव्हती.

तेवढ्यात बाळासो आला. नातीला धरून. प्रियदर्शनीच्या मनगटावर अजून सलाईनची पट्टी होती. चालताना तिची चप्पल रस्त्याला घासत होती. बाळासोनं तिला कट्ट्यावर बसवलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तेच केरबाला जड गेलं. राग असता तर सोपं झालं असतं.

“केरबा, मर्दा, एक इचारायचं हाय,” बाळासो म्हणाला. “ही ऐकंना झालीय. म्हणती, संयोगिताताईला चक्कर आली न्हवती, मलाच कशी आली? तूच सांग हिला. तुझ्या नातीला कधी तरास झालता का? किती दिवस न्हवती जेवली ती?”

पाहुण्यांतल्या एकानं विचारलं, कोण नात? कुणीतरी वर चौकाकडं बोट दाखवलं. पाहुण्यांनी माना वळवल्या, फ्लेक्स बघितला, आणि अदबीनं केरबाकडं बघायला लागले.  ग्लास खाली ठेवले गेले. प्रियदर्शनी कानांत सगळा जीव आणून ऐकत होती. खरं बोलायला एक श्वास पुरला असता, आणि केरबानं तो घेतलाही. पण इतकी माणसं तोंडाकडं बघत असताना त्याच्या जिभेला दुसरी वाट कधी ठाऊकच नव्हती.

“एकवीस दिवस,” तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा वाटला. “एका बदामावर, पावणं. चक्कर न्हाय, काय न्हाय. उलट तेज चढत गेलं तोंडावर. परीक्षक उठून...”

“खोटं हाय.”

संयोगितानं दावं सोडलं आणि ती चंद्रीला वळसा घालून पुढं आली. आजाकडं तिनं बघितलंच नाही. प्रियदर्शनीसमोर जमिनीवर उकिडवी बसली आणि तिचा पट्टीचा हात हातात घेतला.

“आबा खोटं बोलत्यात. आणि शाळेत मीबी खोटंच बोललो. पयल्याच फेरीत काढलं मला, माझा नंबर पुकारलाच न्हाय. तोंडावर तेजबिज काय आलं न्हवतं, प्रियदर्शनी. एकवीस दिवस नुसती भूक लागलती.”